आश्विन-कार्तिकातली मुंबई : घरी करण्याजोगी सजावट आणि दिवसाभरात होणाऱ्या सहली

हवामान खात्याच्या सुधारित वेळापत्रकानुसार मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर आहे. त्यामुळे काही वर्षी नवरात्र छत्री हातात घेऊनच पार पडते आणि काही वर्षी घट बसण्याआधीच आभाळ निवळलेले असते. या दिवसांना 'ऑक्टोबर हीट' म्हणून नावे ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि दुपारी बारा वाजता फलाटावर उभे राहिल्यास ती गैरही वाटत नाही. तरीही पाऊस थांबल्यापासून दिवाळीनंतर हवेत धुरके साचू लागेपर्यंतचे जे काही आठवडे मिळतात, त्यांत मुंबईच्या आसपासचे डोंगर जितके स्वच्छ दिसतात तितके ते वर्षभरात पुन्हा दिसत नाहीत.

आपला शरद पानगळीचा नव्हे; पानगळ शिशिरातली. तरीही अलीकडे सजावटीच्या दुकानांत कागदी मेपलची केशरी पाने आणि प्लॅस्टिकचे भोपळे दिसू लागले आहेत. ज्याला ते आवडते त्याने खुशाल लावावेत. परंतु झेंडू, भाताच्या लोंब्या, कुरडू, नऊ दिवसांत वीतभर वाढणारे धान आणि पतंगी कागदाचा कंदील एवढे साहित्य हाताशी असताना दुसऱ्या खंडातला ऋतू विकत आणून भिंतीवर चिकटवण्याची गरज मला तरी कधी वाटली नाही. या लेखात ही सजावट घरी कशी करावी आणि तिच्या जोडीने कोणत्या आठवड्यात कुठे जावे, हे ज्या क्रमाने दिवस येतात त्याच क्रमाने दिले आहे.

आधी दिनदर्शिका उघडावी

शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. सजावट तिथीने चालते आणि डोंगर पावसाने चालतो, हे दोन्ही एकमेकांशी जुळवून घेणे हे नियोजनातले पहिले काम होय. 2025 मध्ये दसरा 2 ऑक्टोबरला आला होता; ज्या वर्षी मध्ये अधिक मास येतो त्या वर्षी तोच दसरा अठरा-वीस दिवस पुढे सरकतो. रानफुले मात्र अधिक मास पाळत नाहीत. सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा हे फुलांचे दिवस, ऑक्टोबरचा मध्य हा पिकलेल्या भाताचा, आणि ऑक्टोबरअखेरपासून नोव्हेंबरभर सोनेरी गवताचे राज्य असते. दसरा लवकर असेल तर फुलांची सहल नवरात्रातच उरकावी लागते. उशिरा असेल तर ती घटस्थापनेच्या आधीच होऊन जाते. दिनदर्शिकेवर सणांना एका रंगाने आणि सहलींना दुसऱ्या रंगाने खुणा केल्या की कुठले शनिवार-रविवार मोकळे उरतात ते लगेच दिसते. दसऱ्याच्या आणि वसुबारसेच्या आधीचा शनिवार सहलीला देऊ नये, कारण तो बाजाराचा दिवस असतो.

घट : नऊ दिवसांची जिवंत सजावट

घटस्थापना हा मुळात कुळाचार आहे आणि प्रत्येक घराची रीत वेगळी असते. तीत ढवळाढवळ करण्याचा येथे हेतू नाही. मात्र पेरलेले धान फ्लॅटमध्ये नीट उगवत नाही ही तक्रार मी अनेकांकडून ऐकलेली आहे आणि तिचे कारण जवळपास नेहमी एकच निघते : पाणी जास्त होते.

त्यासाठी बांबूची उथळ टोपली किंवा परडी घ्यावी, तिच्या तळाशी पत्रावळ अंथरावी आणि पत्रावळीला दाभणाने दहा-बारा भोके पाडावीत. टोपलीखाली ताट ठेवावे, पण टोपली ताटात टेकू न देता दोन चपट्या दगडांवर ठेवावी. मातीत चिकणमातीचे प्रमाण अधिक असेल तर तीत एक तृतीयांश कोकोपीट किंवा बारीक वाळू मिसळावी. गहू आणि जव आदल्या रात्री आठ-दहा तास भिजवावेत आणि सकाळी निथळून घ्यावेत. अडीच-तीन इंचांच्या मातीच्या थरावर हे धान्य एकाशेजारी एक बसेल एवढे दाट पसरून वर अर्ध्या इंचाहून कमी माती भुरभुरावी. मधोमध घट ठेवायचा असल्यास त्याची जागा आधीच करून घ्यावी. पेरल्यानंतर घट दाबून बसवला की कडेचे दाणे उघडे पडतात.

यानंतर पाणी ओतायचे नाही, शिंपडायचे. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा हाताने शिंपडलेले पाणी पुरते. मुंबईची हवा इतकी दमट असते की याहून जास्त दिल्यास तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी धरते. ती धरलीच तर पाणी एक दिवस थांबवावे आणि टोपलीजवळ वारा खेळता ठेवावा. उजेड न मिळालेले धान पिवळसर आणि उंच होते, खिडकीजवळचे हिरवे आणि आखूड होते. पिवळे धान चांगले मानणारी घरे मी पाहिली आहेत आणि हिरवेच हवे म्हणणारीही. टोपली कुठे ठेवायची हे त्यावरून ठरवावे. दसऱ्याला हेच धान देवाला वाहून टोपीत किंवा केसांत खोवले जाते, त्यामुळे ते मुळापासून उपटण्याऐवजी कात्रीने कापले तर हातात स्वच्छ जुडी येते.

पहिली सहल : फुले असेपर्यंत

सोनकीची पिवळी फुले सह्याद्रीच्या माथ्यांवर सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात. त्यांच्या आधी तेरड्याचा गुलाबी रंग असतो, आणि अधूनमधून झुडपावर चढलेल्या कळलावीची लाल-पिवळी ज्योत दिसते. या फुलांसाठी मुंबईकरांना लगेच कास पठार आठवते. कास सुंदर आहे, परंतु ते साताऱ्याच्याही पलीकडे आहे. मुंबईहून एका दिवसात जाऊन येणे म्हणजे बारा तास गाडीत आणि दोन तास गर्दीत. ते मुक्कामाचे ठिकाण आहे, त्याला मुक्कामच द्यावा.

एका दिवसासाठी विसापूर-लोहगड-भाजे हा पट्टा अधिक सोयीचा पडतो. पहाटेच्या पुण्याकडे जाणाऱ्या एक्स्प्रेसने लोणावळा गाठावे आणि तेथून पुण्याच्या लोकलने पुढचेच स्थानक असलेल्या मळवलीला उतरावे. दुपारच्या वेळी लोणावळा-पुणे लोकल विरळ असतात, म्हणून परतीचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच पाहून ठेवणे आवश्यक आहे. मळवलीहून भाजे गावापर्यंतची वाट सपाट आहे. आधी भाज्याची लेणी पाहावीत : इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून खोदल्या गेलेल्या या लेण्यांतल्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या आहेत, आणि दगडातले खांब किंचित आत कललेले आहेत, कारण कोरणाऱ्यांपुढे नमुना लाकडी बांधकामाचा होता. लेण्यांनंतर विसापूर किंवा लोहगड यांपैकी एकच निवडावा. फुलांसाठी विसापूरचा विस्तीर्ण माथा चांगला. लहान मुले आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर बांधीव पायऱ्यांचा लोहगड बरा. शिवाय 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी भूप्रदेशाच्या बारा किल्ल्यांत लोहगड असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी तेथे गर्दी होणार हे गृहीत धरावे. विसापूरच्या पठारावर मळलेली पाऊलवाट सोडू नये. सोनकी इतकी दाट असते की फोटोसाठी आत शिरलेल्या दहा माणसांनी एक चटईएवढा तुकडा सहज सपाट होतो, आणि पुढच्या फोटोवाल्याला मग आणखी आत शिरावे लागते.

परतीच्या पावसाबद्दल एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. या दिवसांत सकाळी निरभ्र असलेले आभाळ दुपारी तीननंतर घाटमाथ्यावर काळे होते आणि विजांसह पाऊस कोसळतो. म्हणून उघड्या माथ्यावरून दुपारी दोनच्या आत उतरायला लागावे. पाणी माणशी तीन लिटर घ्यावे. पावसाळ्यात एका बाटलीत ट्रेक केलेली मंडळी ऑक्टोबरात हमखास फसतात.

तोरण आणि 'नवे'

झेंडू दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी घ्यायला गेले की भावही चढलेला असतो आणि फुलेही पिशवीत दबून गरम झालेली असतात. दादर पश्चिमेच्या फूलबाजारात दोन दिवस आधी, पहाटे सहाच्या सुमारास गेल्यास निवडून घेता येते. फूल देठाकडून दाबून पाहावे : घट्ट लागले तर ताजे, बोट आत गेले तर दोन दिवस जुने. पाऊस होऊन गेला असेल तर पाकळ्यांच्या बुडाशी पाणी साचलेले असते आणि अशी फुले एका रात्रीत काळी पडतात. ती घ्यावीच लागली तर घरी पंख्याखाली वर्तमानपत्रावर उलटी पसरून ठेवावीत. कोरडी फुले ओलसर सुती फडक्यात सैल गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन दिवस चांगली राहतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवली तर राहत नाहीत.

तोरण ओवताना आधी रिकामा दोरा दारावर धरून मापावा. तीन फुटी दाराला आडवा भाग आणि दोन्ही बाजूंच्या दोन-दोन फुटी लडी मिळून सात फूट होतात. गाठींसाठी एक फूट धरून आठ फुटांचा जाड दोरा दुहेरी करून घ्यावा. सुई मोठ्या नाकाची लागते, गादीवाल्यांची दाभण असेल तर फारच उत्तम. सुई फुलाच्या तोंडातून घालून देठातून काढावी, उलट घातल्यास पाकळ्या सुटतात. आंब्याचे पान देठाजवळ मुडपून दुहेरी झालेल्या जागी टोचावे, म्हणजे ते वाऱ्याने गरगरत नाही. तीन फुले आणि एक पान असा क्रम माझ्या आईने घालून दिलेला आहे. केवळ पानांमध्ये एकेक फूल घातलेले तोरणही तितकेच शोभते आणि अर्ध्या खर्चात होते. आडव्या भागाच्या मध्यभागी एक लपता खिळा असावा, नाहीतर संध्याकाळपर्यंत तोरण झोळीसारखे लोंबू लागते आणि उंच माणसाच्या कपाळाला लागते.

कोकणात याहून जुनी आणि मला अधिक आवडणारी गोष्ट दारावर बांधतात, ती म्हणजे 'नवे'. आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागरीलाच, नवान्न पौर्णिमाही म्हणतात. शेतात तयार झालेल्या भाताच्या लोंब्या, नाचणीचे कणीस, कुरडूचे फूल, झेंडू आणि आंब्याचे पान एकत्र बांधून ती जुडी दाराला, देवघराला, धान्याच्या कणगीला लावायची. काही घरांत ही जुडी दसऱ्यालाच बांधली जाते. मुंबईत दसऱ्याच्या आसपास फूलबाजारात लोंब्यांच्या जुड्या विकायला येतात. विकत घेताना दाणे भरलेले पण लोंबी किंचित हिरवट आहे अशी जुडी निवडावी, कारण पूर्ण पिकलेल्या लोंबीचे दाणे घरी येईपर्यंत निम्मे गळतात. पाच-सहा लोंब्या, दोन कुरडू आणि एक झेंडू आंब्याच्या पानाच्या आत ठेवून सुतळीचे चार वेढे द्यावेत आणि जुडी उलटी टांगावी. झेंडू आठवड्यात वाळेल. लोंब्या आणि कुरडू मात्र रंग धरून पुढच्या आश्विनापर्यंत टिकतात. चिमण्या येतात त्या खिडकीजवळ टांगल्यास अर्थातच टिकत नाहीत, पण तो तोटा नव्हे.

आपट्याच्या पानांविषयी एवढेच : बाजारात आपटा म्हणून जे ढीग येतात त्यांत त्याच्या भावकीतल्या कांचनाची मोठी पाने भरपूर असतात. दोन्हींची झाडे ओरबाडली जातात. सजावटीसाठी सोनेरी कागदाची, मधोमध दुमडलेली जोडपाने कातरून तोरणात ओवली तर मुलांना एक दुपारभर काम मिळते, आणि पूजेला खऱ्या आपट्याचे एक पान पुरते.

दुसरी सहल : भाताची शेते

ऑक्टोबरच्या मध्यास कल्याण-मुरबाड आणि नेरळ-कर्जत या दोन्ही बाजूंना भात कापणीला येतो. लोकलच्या खिडकीतूनही तो दिसतो. बदलापूर सोडले की उजव्या-डाव्या बाजूंनी पिवळे चौकोन सुरू होतात. ज्यांना चालायचे आहे त्यांनी नाणेघाट करावा. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या एसटीने मुरबाड मागे टाकून वैशाखरे गावाच्या पुढे नाणेघाटाच्या वाटेशी उतरायचे. तेथून आधी रान आणि मग दगडी पायऱ्यांची चढण अशी अडीच तासांची वाट आहे. ही वाट सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांना जुन्नरशी जोडत होती. वर पोचताच लागणाऱ्या गुहेच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे, ज्यात यज्ञांची आणि दिलेल्या दानांची नोंद असून संख्यांचे फार जुने आकडेही आहेत. घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे सांगितले जाते. तेथून मागे वळून पाहिले की खाली कोकणातली भातशेती कापडाच्या तुकड्यांसारखी जोडलेली दिसते. अर्धी कापलेली शेते फिकट, उभी शेते गडद, आणि मधून गेलेले बांध हिरवे. मला हे दृश्य पावसाळ्यातल्या धबधब्यांपेक्षा पाहण्याजोगे वाटते, आणि पावसाळ्यात तेथे जी झुंबड उडते ती या दिवसांत नसते.

कापणीच्या दिवसांत शेताच्या बांधावरून चालताना विचारून चालावे. लोंब्या हव्या असतील तर शेतकऱ्याकडे मागाव्यात आणि पैसे पुढे करावेत. बहुतेक वेळा पैसे परत येतात आणि जुडी दुप्पट मिळते. रानातली फुले, बोंडे आणि गवत मात्र अभयारण्याच्या किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून तोडून आणू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार तो गुन्हा आहे.

चालणे झेपत नसेल तर वसई. वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेकडून बस किंवा रिक्षाने किल्ल्यात जाता येते. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगिजांकडून घेतलेला हा किल्ला सपाट जमिनीवर आहे, आणि पडक्या चर्चच्या भिंतींवर वाढलेले वड-पिंपळ पावसानंतर ताज्या पानांनी भरलेले असतात. सकाळी सात ते दहा एवढाच वेळ तेथे सुखाचा. नंतर उन्हाला आडोसा नाही.

आठवडाअखेरीच्या प्रवासात मध्य रेल्वेवरचा रविवारचा मेगाब्लॉक विसरला की सगळे गणित चुकते. मी एकदा ठाण्याच्या फलाटावर डब्यातले थालीपीठ संपवून घरी परतलो आहे. तेव्हापासून लांबची सहल शनिवारी आणि जवळची रविवारी, असा नियम पाळतो.

कंदील : चोवीस कामट्या आणि बारा गाठी

माहीमच्या कंदील गल्लीत एक फेरी मारली की तयार कंदिलांचे शंभर प्रकार दिसतात आणि घरी करण्याचा उत्साह निम्मा होतो. तरीही घरच्या कंदिलातून येणारा उजेड वेगळा असतो, कारण पतंगी कागद उजेड अडवत नाही, गाळतो. येथे दिलेला प्रकार सर्वांत जुना आणि, एकदा युक्ती कळली की, सर्वांत सोपा आहे : सहा चौरस कोपऱ्याला कोपरा जोडून केलेला.

बुरुडाकडून उदबत्तीपेक्षा किंचित जाड अशा कामट्या आणाव्यात आणि त्यांचे 22 सेंटिमीटरचे चोवीस तुकडे कापावेत. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांपासून 1 सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करावी. बांधणी या खुणेवर होणार असल्याने चौरसाची बाजू बरोबर 20 सेंटिमीटर येते. सर्व तुकडे सारखेच असले पाहिजेत. दोन मिलिमीटरचा फरक चालतो, पाचचा चालत नाही. कामट्यांची धार पॉलिश कागदाने मोडून घ्यावी, म्हणजे बोटेही वाचतात आणि पुढे कागदही फाटत नाही. आता चार-चार कामट्या सुती दोऱ्याने बांधून सहा चौरस तयार करावेत. गाठ फुलीसारखी, तीन वेढे एका कर्णावर आणि तीन दुसऱ्यावर, अशी मारावी आणि तिच्यावर मैद्याच्या खळीचा (कृती पुढे दिली आहे) थेंब लावावा.

एक चौरस जमिनीवर आडवा ठेवावा. हा तळ. उरलेल्यांपैकी चार चौरस पत्त्यातल्या चौकटसारखे टोकावर उभे धरून त्यांचे खालचे टोक तळाच्या एकेका कोपऱ्याला बांधावे. मग शेजारशेजारच्या चौकटींचे आडवे कोपरे एकमेकांना बांधावेत. हे एकट्याने होत नाही, धरायला दुसरे माणूस लागते. शेवटी सहावा चौरस वर ठेवून त्याचे चार कोपरे चौकटींच्या वरच्या टोकांना बांधावेत. एकंदर बारा सांधे झाले पाहिजेत आणि चौरसांच्या मधोमध आठ त्रिकोण आपोआप तयार झालेले दिसले पाहिजेत. ते दिसले म्हणजे सांगाडा बरोबर जमला. त्याची उंची साधारण 28 सेंटिमीटर भरते.

येथे नवशिक्याला धडकी भरते, कारण सांगाडा उचलला की तो पिळवटतो आणि एका बाजूला बसतो. यात बांधणीची चूक नसते. चौरस हा आकारच मुळात ढिला असतो. त्याला ताठ करते ती कर्णावरची ओढ. वरच्या आणि खालच्या चौरसात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोऱ्याची फुली ताणून बांधली की सांगाडा लगेच उभा राहतो, आणि बाजूंना कागद लागला की इतका घट्ट होतो की बोटाने दाबूनही हलत नाही.

खळीसाठी अर्धी वाटी थंड पाण्यात दोन चमचे मैदा गुठळी न होता कालवून मंद आचेवर ढवळत राहावे. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवावी आणि पूर्ण निवू द्यावी. चौकटींसाठी 23 सेंटिमीटर बाजूचे चार चौकोनी कागद आणि आठ त्रिकोणांसाठी दुसऱ्या रंगाचे, दीड सेंटिमीटर जादा ठेवून कापलेले कागद घ्यावेत. खळ कागदाला लावण्याऐवजी कामटीला लावावी, कागद वर टेकवून कड आत दुमडावी आणि फार ओढू नये. ओला कागद सैल दिसतो. वाळल्यावर तो आपोआप ताणला जातो. वाळून पुरा झाल्यावरही सुरकुती राहिली तर तोंडाने पाण्याचा बारीक फवारा मारावा, ती पुढच्या तासाभरात नाहीशी होते. वरचा आणि खालचा चौरस उघडाच ठेवावा. झिरमिळ्यांसाठी कागदाची घडी करून दोन बोटे रुंदीच्या, हातभर लांबीच्या पट्ट्या कापाव्यात, त्यांपैकी बहुतेक तळाच्या चार बाजूंना आणि थोड्या बाजूच्या चार सांध्यांना चिकटवाव्यात.

आत 5 ते 9 वॅटचा एलईडी दिवा पुरतो. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद करपवतो, म्हणून तो टाळावा. होल्डर वरच्या फुलीला न टांगता स्वतंत्र दोरीने टांगावा, म्हणजे वायरीचा भार सांगाड्यावर येत नाही. कंदील छज्जाच्या आत लावावा. माझा पहिला कंदील वसुबारसेला खिडकीबाहेर दिमाखात लटकत होता. त्या रात्री परतीच्या पावसाची एक सर आली आणि सकाळी गजाला चोवीस कामट्या आणि गुलाबी पाण्याचे ओघळ एवढेच उरले होते. सांगाडा मात्र शाबूत होता. नरकचतुर्दशीच्या पहाटेपर्यंत त्याला नवा कागद चढला.

पणत्या, किल्ला आणि उरलेले

धारावीच्या कुंभारवाड्यातून साध्या, न रंगवलेल्या पणत्या आणाव्यात आणि पाच-सहा तास पाण्यात बुडवून ठेवून सावलीत सुकवाव्यात. कोरडी पणती पहिल्या दिवशी वातीआधी स्वतःच तेल पिते. गेरू आणि चुना यांनी रंगवायच्या असल्यास भिजवण्याचे काम आधी उरकावे.

किल्ल्यासाठी माती मिळणे हीच मुंबईत मोठी अडचण आहे. इमारतीच्या आवारात दोन-तीन घरांनी मिळून केल्यास विटांचे तुकडे आणि गोणपाट यांवर मातीचा दोन बोटे लेप पुरतो. हिरवळीसाठी आळीव वापरावे, पण ते भिजवून टाकू नये. भिजले की त्याचा बुळबुळीत गोळा होतो आणि एकाच जागी पडतो. लेप ओला असताना कोरडे बी चिमटीने भुरभुरावे आणि चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. हे हिशेबात धरून पेरणी वसुबारसेच्या चार दिवस आधी करावी. मावळे कुठे उभे करायचे यावर मुलांचे जे भांडण होते त्यात मोठ्यांनी पडू नये.

तिसरी सहल : दिवाळीच्या सुट्टीत

घरात फराळ असतो, त्यामुळे डब्याचा प्रश्न सुटलेला असतो. सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी. उद्यान सोमवारी बंद असते. शंभराहून अधिक लेण्यांपैकी बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह पाहून फिरतात. त्यांनी तसे न करता डोंगराच्या माथ्यापर्यंत कोरलेल्या पायऱ्यांनी वर जावे. प्रत्येक विहारापाशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी, म्हणजे शिलालेखांतल्या 'पोढी', या दिवसांत काठोकाठ भरलेल्या असतात, आणि त्यांच्यापर्यंत पाणी आणणारे पन्हळ दगडावर बोट फिरवून शोधता येतात. पावसाचे पाणी वर्षभर पुरवण्याची ती व्यवस्था पाऊस नुकताच थांबलेला असतानाच उत्तम समजते.

माथेरानसाठीही हेच दिवस. 1907 मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान गाडी पावसाळ्यात नेरळपासून बंद ठेवली जाते आणि साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा धावू लागते. मात्र घाटातल्या मार्गाची स्थिती पाहून ती तारीख दर वर्षी बदलते, म्हणून आधी चौकशी करावी. ती सुरू नसेल तर दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सीने आणि पुढे अमन लॉजहून शटलने किंवा पायी जाता येते. पुढे मोटारींना बंदी आहे. तांबड्या मातीच्या वाटेवर धूळ अजून बसलेली असते, हा ऑक्टोबरचा फायदा. डिसेंबरपर्यंत बूट आणि पँट दोन्ही लाल होतात.

कर्नाळ्याला पनवेलहून एसटीने जाता येते. तिथल्या किल्ल्याच्या सुळक्याखाली आग्या मोहोळे असतात, म्हणून वर धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. फ्लेमिंगो पाहायला ऐरोलीच्या खाडीत जाण्याची घाई मात्र ऑक्टोबरात करू नये. त्यांचे मोठे थवे हिवाळा सुरू झाल्यावर येतात, आणि बोटीत बसून रिकामी खाडी पाहण्याचे पैसे परत मिळत नाहीत.

उतरवताना

त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कंदील ठेवण्याची अनेक घरांत रीत आहे. उतरवल्यावर कागद ओल्या फडक्याने पुसून सोडवावा, कर्णाच्या दोऱ्या कापाव्यात आणि सांगाडा अलगद पिळून चपटा करावा. बारा सांध्यांपैकी एकही न सोडता तो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागे मावतो. वाळलेल्या झेंडूच्या बोंडांतले काळे काडीसारखे बी कागदी पाकिटात, वर वर्ष लिहून, ठेवावे. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर कुंडीत पेरले की दसऱ्यापर्यंत गॅलरीतली फुले तयार होतात. संकरित झेंडूचे बी असेल तर ती फुले आईबापांपेक्षा लहान निघतात. तोरणाच्या टोकाला ओवायला तीच बरी पडतात.